व्हिएतनामला पहिल्यांदा जाताना

पासपोर्ट हातात दिसला की आमच्या औशात लोक दोनच गोष्टी विचारतात. "उमराहला निघालात का?" नाहीतर "मुलाला सौदीत नोकरी लागली का?" गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे, म्हणजे मी, हे, आमचा चौदा वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई, बॅगा घेऊन लातूर स्टेशनच्या रिक्षात बसत होतो, तेव्हा शेजारच्या खालांना मी खरे ते सांगून टाकले. व्हिएतनामला चाललोय. खालांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "वाँ क्या है माँ?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. परत आल्यापासून मात्र रोज कोणाचा ना कोणाचा फोन येतो. उदगीरची मावसबहीण, नांदेडच्या वहिनी, यांच्या बँकेतले साहेब. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला आणि हनोईला थेट विमाने सुरू झाल्यापासून आपल्याकडचे लोक तिकडे वळू लागले आहेत. प्रत्येकाचे प्रश्न तेच. खायचे काय, नमाज कुठे पढायची, डोक्यावर दुपट्टा असलेल्या बाईकडे लोक कसे बघतात. म्हणून या महिन्याचे पान त्या प्रश्नांसाठी.

कागदपत्रांचे आधी उरकून टाकते. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत झाली आहे. एकदा प्रवेश करायचा असेल तर फी २५ डॉलर, म्हणजे साधारण सव्वादोन हजार रुपये. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा, कारण तसेच दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी पाने पुष्कळ आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आणि आपल्या घरांतल्या बायकांसाठी खास सूचना: आधारवर 'बी', पासपोर्टवर 'बेगम', मतदार यादीत तिसरेच, हा प्रकार घरोघरी आहे. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, आले पाहिजे. एक अक्षर चुकले तरी मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा.

साडेपाच तासांचा प्रवास. घड्याळ दीड तास पुढे. पैसा म्हणजे डोंग, आणि एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे विमानतळाबाहेर पडेपर्यंत आपण लखपती होतो. एक सांभाळा. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर दिसतात. संध्याकाळच्या दिव्यात घाईने रिक्षावाल्याला द्यायला गेलात तर पासष्ट रुपयांच्या जागी सोळाशे जातील. आमच्या मुलाने पाच लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवायची युक्ती काढली, ती चांगली चालली.

आता मला ज्याबद्दल खरे सांगायचे आहे ते. सायगावच्या (हो ची मिन्ह सिटीला तिथले लोक अजून सायगावच म्हणतात) हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीने मला माझे वय विचारले. मला जरा खटकले. मग तिने फोनवर भाषांतर करून दाखवले, तेव्हा समजले की वय कळल्याशिवाय तिला माझ्याशी बोलताच येत नव्हते! व्हिएतनामी भाषेत 'तुम्ही' असा सर्वांना चालणारा एक शब्द नाही. समोरचा थोरला असेल तर 'आन्ह' म्हणजे भाईजान, थोरली असेल तर 'ची' म्हणजे आपा, धाकटे असेल तर 'एम'. म्हाताऱ्या पुरुषाला 'ओंग', म्हातारीला 'बा'. स्वतःबद्दल बोलतानाही 'मी' म्हणण्याऐवजी नातेच सांगतात. म्हणजे ती मुलगी मला म्हणाली ते शब्दशः असे होते: "आपाला धाकटी चहा आणून देऊ का?"

इतकेच नाही. वडिलांच्या थोरल्या भावाला 'बाक' आणि धाकट्या भावाला 'चू'. इंग्रजीला हे दोघे एकच अंकल. आपल्या घरात मात्र बडे अब्बा वेगळे आणि चाचा वेगळे, अगदी तसेच. रस्त्यावर आपल्या वडिलांहून मोठा दिसणारा माणूस भेटला की तो बाक, लहान वाटला की चू. हे अम्मींना सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून हॉटेलातल्या सगळ्यांना त्यांनी आपली नाती लावून टाकली. त्यांनाही सगळीकडे 'बा' अशी हाक यायची. ती त्यांना फार आवडली.

भाषा रोमन अक्षरांत लिहितात, वर-खाली खुणा असतात, त्यामुळे पाट्या वाचता येतात. बोलणे मात्र अवघड. आवाजाच्या चढ-उताराने अर्थ बदलतो. 'मा' हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटले तर आई, भूत, कबर, घोडा, भाताचे रोप आणि 'पण' असे सहा अर्थ निघतात. आपण सूर लावायच्या भानगडीत पडू नये. 'सिन चाव' म्हणजे नमस्कार, 'काम ऊन' म्हणजे शुक्रिया. ही दोन आणि वयाप्रमाणे हाक, इतक्यावर आमचे नऊ दिवस निघाले.

आता ताटाकडे येऊ. इथे लपवण्यात अर्थ नाही. व्हिएतनामी स्वयंपाकात डुकराचे मांस सगळीकडे आहे. ताटात दिसते तिथे ठीक, टाळता येते. पण सूप, नूडल्सचे पाणी, भाजी परतायची चरबी, पावाला आतून लावलेला लेप, यांत ते दिसत नाही. 'बान्ह मी' नावाचा तो प्रसिद्ध पाव बाहेरून भाजीचा दिसला तरी त्यात बहुतेक वेळा हा लेप असतो. 'फो' हे गरम शेवयांचे सूप गाईच्या गोश्ताचे किंवा कोंबडीचे असते, पण रस्त्यावरच्या दुकानात ते जबिहा नसते, हे लक्षात ठेवावे.

आमचे दुसऱ्याच दिवशी चुकले. एका छोट्या खाणावळीत आम्ही हातवारे करून "मांस नको" सांगितले. बाईने हसून मान हलवली आणि पालेभाजी घातलेल्या शेवया आणून ठेवल्या. अर्धे खाऊन झाल्यावर मुलाने मागच्या मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवले. त्यातली हाडे कसली ते फोनवर विचारले. बाईने प्रामाणिकपणे सांगितले. तिच्या मते तिने आम्हाला मांस वाढलेच नव्हते, फक्त पाणी वाढले होते. दोष तिचा नव्हताच. अम्मी उठल्या, बाहेर जाऊन चूळ भरली आणि त्यानंतर दीड दिवस त्यांनी केळी, उकडलेली अंडी आणि बाटलीबंद पाणी यांशिवाय काही तोंडात घातले नाही. हे म्हणाले, "अम्मी, अनजाने में हुआ, अल्लाह माफ करनेवाला है." त्या म्हणाल्या, "वो तो है बाबा, पन मेरा जी नै मानता." सत्तर वर्षांच्या बाईला परदेशात उपाशी ठेवल्यासारखे झाले, आणि मला खालांचा प्रश्न आठवू लागला.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून दोन शब्द लिहून घ्या. डुकराचे मांस म्हणजे दक्षिणेत 'थित हेओ', उत्तरेत 'थित लोन'. "तोय खोंग आन थित हेओ", मी ते खात नाही. हे वाक्य कागदावर व्हिएतनामी लिपीत लिहून घ्या, आणि त्याखाली "सूप आणि तेलातही नको" हेही लिहून घ्या. दुसरा शब्द 'चाय'. ऐकून आनंद होईल, पण व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हणजे शुद्ध शाकाहारी. ह्यांनी एकदा सवयीने "चाय, चाय" म्हटले आणि समोर भात आणि टोफू आला. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, म्हणून चायची दुकाने गावोगाव आहेत. तिथे अंगावर येणारी गोष्ट एकच, सोयाबीनपासून हुबेहूब मांसासारखे तुकडे बनवतात. आपण लातूरकडचे लोक सोयाबीन पिकवतो, त्याचे असे सोंग पाहून मी थक्क झाले. मासळीपासून बनवलेले 'न्यूक माम' नावाचे पाणी बहुतेक पदार्थांत असते. ते मासे आणि मिठाचे असते. चायच्या दुकानात मात्र तेही नसते.

अम्मींचा उपास सुटला तो मशिदीमुळे. सायगावच्या ऐन मध्यभागी डोंग दू नावाच्या रस्त्यावर, उंच हॉटेलांच्या मधे एक पांढरी-निळी मशीद आहे. जामिया अल मुस्लिमीन. १९३५ मध्ये दक्षिण हिंदुस्तानातून आलेल्या मुसलमानांनी ती बांधली. फ्रेंचांच्या राज्यात व्यापारासाठी गेलेली ती माणसे. त्यातली बहुतेक कुटुंबे पुढे निघून गेली, मशीद राहिली. वजूसाठी हौद, थंडगार फरशी, बाहेर मोटारसायकलींचा लोंढा आणि आत एकदम शांतता. अम्मींनी दोन रकात पढल्या आणि तिथेच खांबाला टेकून बसून राहिल्या.

मशिदीच्या आसपास हलाल खाणावळी आहेत. त्याहून जास्त आहेत त्या बेन थान्ह बाजाराजवळच्या न्गुयेन आन निन्ह रस्त्यावर. मलेशियाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी तो रस्ता जणू आपला महबूब नगरचा बाजार झाला आहे. हिजाब, नमाजचे पांढरे कपडे, कापड, आणि दर दुसऱ्या दारात हलाल जेवण. ज्या दुकानात आम्ही जेवलो ते एक चाम बाई चालवत होती. तिने सलाम केला, अम्मींनी सलामाचे उत्तर दिले, आणि त्यापुढे दोघींकडे एकमेकींना समजेल असा एकही शब्द नव्हता. तिने एक ताट आणून ठेवले. 'कोम नी'. तुपात आणि दुधात शिजवलेला भात, त्यात मनुके, आणि बाजूला नारळात आटवलेले मसालेदार गोश्त. अम्मींनी वास घेतला, पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ये तो दावत का खाना है." दोन ताटे खाल्ली.

चाम कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. आजच्या व्हिएतनामच्या मधल्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर दीड हजार वर्षांहून अधिक काळ चंपा नावाचे राज्य होते. तिथले लोक समुद्रावरचे व्यापारी, त्यांची भाषा मलायशी नाते सांगणारी. पूर्वी ते शिवाचे भक्त होते, पुढे व्यापाराच्या वाटेने त्यांच्यात इस्लाम आला. उत्तरेकडून व्हिएतनामी राजे सरकत आले आणि १८३२ मध्ये चंपाचा शेवटचा तुकडाही संपला. आज चाम लोक काही हिंदू आहेत, काही मुसलमान, भाषा एकच. कंबोडियाच्या सीमेजवळ, मेकाँग नदीकाठी चौडॉकच्या परिसरात चाम मुसलमानांची गावे आणि मशिदी आहेत. ही बाई तिथलीच.

फोनवरून भाषांतर करत मी तिला विचारले, तुम्ही घरात कोणती भाषा बोलता? ती म्हणाली, घरात चाम, बाजारात आणि शाळेत व्हिएतनामी, गिऱ्हाइकांशी मलाय, कुराण अरबीत. मुलगी शहरात शिकते, ती चाम विसरत चालली आहे, ही तिची काळजी. मी हे यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि आम्ही दोघे गप्प झालो. आमच्या घरात दखनी, शाळेत आणि तहसीलमध्ये मराठी, कुराण अरबीत. आमचा मुलगा आजीशी मराठीतच बोलतो आणि आजी दखनीत उत्तर देते. तिने विचारले, तुमच्या गावात मुसलमान किती? मी म्हटले, पुष्कळ, शेकडो वर्षांपासून. ती म्हणाली, आम्हीही.

मसलकाबद्दल एक सूचना. चाम मुसलमान शाफई आहेत, आपल्या कोकणी भाऊबंदांसारखे. समुद्रातले सगळे त्यांना चालते. आपल्या मराठवाड्यातल्या हनफी घरांत झिंग्यावरून अजून वाद होतात आणि खेकडा तर नाहीच. तेव्हा हलालची पाटी असलेल्या दुकानात खेकडा, शिंपले दिसले तर पाटी खोटी समजू नका. आपल्याला नको ते बाजूला ठेवावे.

नमाजचे बाकी काही अवघड नाही. किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे कललेला. हॉटेलांत शौचालयात पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो, ही गोष्ट बायका मला हळूच विचारतात म्हणून उघड लिहिते. हिजाबकडे लोक कुतूहलाने बघतात, लहान मुले टक लावून बघतात, पण कोणी वाईट बोलले नाही. अम्मींच्या बुरख्याला हात लावून एका म्हाताऱ्या फळवालीने कापडाची किंमत विचारली होती.

कपड्यांवरून आठवले. व्हिएतनामी बायकांचा 'आओ याय' पाहिला की आपल्याला परके वाटत नाही. लांब कुर्ता, दोन्ही बाजूंना चिरा, खाली पायघोळ सलवार. शाळकरी मुली पांढरा आओ याय घालून सायकलवरून जाताना दिसतात. होई आन हे जुने बंदर शिंप्यांसाठी नावाजलेले आहे, एक-दोन दिवसांत कपडा शिवून देतात. तो अंगाला घट्ट शिवायची पद्धत आहे. "सैल करा आणि चिर कमरेखालून सुरू करा" असे मी तीन वेळा सांगितले, शिंपिणीने तीन वेळा नाक मुरडले आणि शेवटी हवा तसा शिवला. ईदला मी तोच घालणार आहे.

होई आनपासून तासाभरावर मी सोन आहे. चंपाच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरे, विटांची, डोंगरांच्या कुशीत. १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. अमेरिकेच्या बॉम्बगोळ्यांनी त्यातली बरीच ढासळली. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे जाऊन डागडुजी करत होते आणि २०२० मध्ये त्यांना कामाच्या वेळी वालुकाश्माचे एकसंध शिवलिंग सापडले. आमचा मुलगा म्हणाला, हे तर खरोशासारखे आहे. खरोशाची लेणी आमच्याच तालुक्यात, त्याची शाळेची सहल तिथे गेलेली. पाटीवर भारतीय नाव वाचून त्याची मान जरा ताठ झाली, ते मला बरे वाटले.

युद्धाबद्दल तिथे जपून बोलावे. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडले आणि युद्ध संपले. तिकडे त्याला अमेरिकन युद्ध म्हणतात. सायगावच्या युद्ध-अवशेष संग्रहालयात विषारी फवारणीने जन्मतः अपंग झालेल्या मुलांची छायाचित्रे आहेत, लहान मुलांना आत नेण्याआधी विचार करा. माझे मरहूम सासरे रेडिओवर व्हिएतनामच्या बातम्या लावून बसत, हे अम्मींनी तिथे बाकावर बसून आम्हाला पहिल्यांदा सांगितले.

हनोई मला सायगावपेक्षा कमी आवडले, डिसेंबरात तिथे चांगलीच थंडी असते आणि आम्ही स्वेटर नेले नव्हते. पण जुन्या पेठेत, हांग लुओक रस्त्यावरची अल-नूर मशीद चुकवू नका. १८९० ची ही मशीद हिंदुस्तानी व्यापाऱ्यांनी बांधली, त्यात मुंबईकडच्यांचा पुढाकार होता असे सांगतात. जुम्याला कितीतरी देशांचे लोक एका सफेत उभे असतात. हा लाँगची खाडी सुंदर आहे, पण तिची छायाचित्रे तुम्ही पाहिलीच असतील. नावेवरच्या जेवणाचे मात्र आधी लेखी ठरवून घ्या. अंड्याची कॉफी प्यायला हरकत नाही, दुधाच्या टंचाईत १९४६ च्या सुमारास निघालेली ती युक्ती आहे आणि चवीला फिरनीच्या जवळची.

कोणाच्या घरी बोलावले तर चपला बाहेर, वस्तू देताना दोन्ही हात, भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत कारण मयताच्या उदबत्तीसारखे दिसते. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो. त्यासमोर ठेवलेले फळ पुढे केले तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नको म्हणावे. त्यांना राग येत नाही.

कधी जावे? दक्षिणेत डिसेंबर ते एप्रिल कोरडे असते. मधल्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात. टेट, म्हणजे त्यांचे नववर्ष, टाळा. त्या आठवड्यात दुकाने बंद, गाड्या भरलेल्या. २०२७ मध्ये टेट ६ फेब्रुवारीला आहे, आणि चंद्राच्याच हिशेबाने आपला रमजानही त्याच सुमारास सुरू होईल.

आम्ही चौडॉकला गेलो नाही, ही आमची चूक झाली. सायगावहून बसने सहा तास लागतात. त्या बाईने फोनवर भाषांतर करून म्हटले होते, 'बा'ला घेऊन या, माझी आई तिच्याच वयाची आहे. तुम्ही जाणार असाल तर एक दिवस त्यासाठी काढा. घरून लसणाची चटणी, लोणचे आणि थोडे खजूर न्या. अम्मींनी दोन किलो ज्वारीचे पीठही नेले होते. ते तसेच परत आले.